पत्र्याचा कूलर: मोटर गुणगुणते पण पंखा फिरत नाही, एक ताटी कोरडी, हाताला झिणझिण्या. न बघता दुरुस्ती कशी करायची?

गोकुळपेठची_खिडकी

होळी जवळ आली, कूलर खिडकीत बसवायचा आहे. कूलर पत्र्याचा, तीन बाजूंना वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्या, समोर १८ इंची पंखा, टाकीत सबमर्सिबल पंप. अडचणी तीन आहेत.

बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणून राहते, पंखा फिरत नाही. काठीने पातं ढकललं तर फिरतो. दुसरी अडचण, डावीकडची ताटी वरून तिसऱ्या भागापर्यंतच ओली होते, खाली कोरडी राहते. बाकीच्या दोन ठीक आहेत. तिसरी, ओला हात पत्र्याला लागला की झिणझिण्या येतात. पायात कोरडी चप्पल असेल तर येत नाहीत.

मला अजिबात दिसत नाही, उजेडही कळत नाही. हत्यारांत दोन पेचकस, पक्कड, पान्यांचा संच, कानस आणि बझर वाजणारा साधा मल्टिमीटर आहे. मीटर बोलणारा नाही. वायरीचा रंग फोनला विचारते, पण कूलरच्या आतल्या अंधारात तो लाल आणि तपकिरी यांत गडबड करतो. घर जुनं आहे, अर्थिंगची खात्री नाही. यातलं स्वतः काय करता येईल आणि कुठे थांबावं, हे विचारते आहे.

पेचकस_महाल

ताई, अडचणी ज्या क्रमाने लिहिल्या त्याच्या उलट क्रमाने कामाला लागा. झिणझिण्या आधी. तोवर पिन बोर्डात घालू नका आणि काठीने पंखा ढकलणं आजपासून बंद. पंखा एकदम वेग घेतो, काठी पात्यात अडकली की हात सोबत ओढला जातो.

बटण बंद केलं म्हणजे लाइन बंद झाली असं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर लागलेलं सापडतं, मग बटण बंद असतानाही मोटरीपर्यंत फेज उभाच असतो. पिन बाहेर काढा, वायर गुंडाळून कूलरच्या माथ्यावर ठेवा. काम करताना मधूनमधून तिला हात लावता येतो, आणि घरातलं कोणी चुकून लावूनही देत नाही.

आता अर्थची तपासणी. मीटरचा खटका बझरवर आणा, दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा आणि पिं आवाज ऐका. हे दर वेळी करा. सेल उतरलेला असेल तर मीटर गप्प बसतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. मग एक काडी पिनच्या सर्वांत जाड आणि लांब दांड्याला, दुसरी पत्र्याला. रंगावर टेकवली तर वाजणार नाही. स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, नाहीतर कानशीने नखाएवढी जागा घासून उघडी करा. आवाज अखंड यायला हवा. दुसऱ्या हाताने वायर जागोजागी वाकवून पाहा, आवाज तुटला तर तिथे वायर आतून तुटली आहे. बहुतेकदा पिनेच्या तोंडाशी किंवा पत्र्याच्या भोकातून वायर आत जाते तिथेच तुटते.

आवाज आलाच नाही तर पिन उघडा. पिनेचे दांडे आपल्यापासून लांब आणि जाड दांडा वर असा धरला की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. बोर्डाची भोकंही तशीच असतात, त्यामुळे हे एकदाच पाठ करावं लागतं. रंगासाठी फोनवर विसंबू नका. वायरीच्या एका टोकाला पिनेचा दांडा आणि दुसऱ्या टोकाला सोललेली तार धरून बझरने जोडी लावा. जोडी सापडली की लगेच सुती दोरा बांधा. फेजला एक गाठ, न्यूट्रलला दोन, अर्थला तीन. टेपची खूण करू नका. कूलरच्या ओलीत टेपचा गोंद सुटतो आणि दोन महिन्यांनी खूण गळून पडलेली असते.

वायर बदलायची असेल तर तीन कोअरची, १ स्क्वेअर मिमीची घ्या. पंखा आणि पंप मिळून साधारण एक अँपिअर ओढतात, त्यामुळे ६ अँपिअरची पिन पुरते. टोक ८ मिमीपेक्षा जास्त सोलू नका, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. सोललेल्या भागावरून बोट फिरवा. तारेचा एखादा केस बाजूला निघालेला असेल तर पुन्हा पीळ द्या, कारण तोच केस शेजारच्या स्क्रूला टेकतो. स्क्रू आवळला की प्रत्येक तार ओढून पाहा. पत्र्याच्या बाजूला अर्थच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात बसणारी धातूची कडी, दाबा, बोल्टाखालचा रंग पूर्ण घासा, दातेरी वायसर टाका आणि नट आवळा. नंतर पुन्हा बझर.

करंट पत्र्यात उतरतो का हेही बझरनेच कळेल. कूलरची बटणं चालू करा, पिन मात्र बाहेरच. एक काडी पत्र्याला, दुसरी आळीपाळीने पिनेच्या दोन बारीक दांड्यांना. वाजलं नाही म्हणजे मोटर आणि पंप ठीक.

पंख्याकडे येऊ. पिन बाहेर ठेवून पातं बोटाने फिरवा. दोन-तीन फेरे घेऊन हळूहळू थांबलं तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, ठीक आहे; मोटरीला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर गेला. जड फिरलं, एका जागी अडलं किंवा सोडताच थांबलं तर बुश कोरडा आहे. दांडा धरून आडवा हलवा. टकटक झाली तर बुश झिजला, तो बदलावाच लागेल. बुश नुसता कोरडा असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब, आणि दांडा हाताने फिरवत राहा. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन बुश आणखी जाम करतं. बॉल बेअरिंगची मोटर असेल तर बाहेरून तेल घालायची जागाच नसते, तिथे शोधत बसू नका.

कॅपॅसिटर म्हणजे मोटरीजवळ पट्टीने किंवा एका नटाने बसवलेली अंगठ्यापेक्षा जाड प्लास्टिकची डबी, तिला दोन तारा. मोटरीला जोडलेला असतो तोवर त्यात साठलेली वीज वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीतून, निघून जाऊन तो रिकामा होतो. पण वाइंडिंग तुटलं असेल तर भरलेलाच राहतो, आणि हे बोटाला आधी कळत नाही. म्हणून ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या दोन टोकांना पाच सेकंद टेकवा. एलईडी बल्ब चालत नाही. मग तारा सोडवण्याआधी दोन्हींना वेगवेगळ्या गाठी बांधा. आकडा डबीवर छापलेला असतो, फोनच्या वाचणाऱ्या ॲपला दाखवा. कूलरच्या मोटरीला साधारण २.५ ते ४ मायक्रोफॅराड, ४४० व्होल्ट असा असतो. जुना जेवढ्याचा तेवढ्याचाच घ्या. मोठा लावला की मोटर जोरात सुरू होते खरी, पण सुरू होण्याच्या वाइंडिंगमधून जादा करंट जाऊन ती तापते आणि मेच्या उन्हात जळते. नागपुरात बर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात जुनी डबी सोबत न्या, हातात ठेवली की दुकानदार बरोबर देतो. जळक्या वार्निशचा वास मोटरीला येत असेल तर कॅपॅसिटरवर पैसे घालवू नका, वाइंडिंग गेलं आहे.

तिसरी_पिन

पेचकस भाऊंची पद्धत चांगली आहे, पण एका ठिकाणी ताईंच्या जिवाशी गाठ आहे, म्हणून ते दुरुस्त करतो. बझर वाजला नाही म्हणजे करंट उतरत नाही, हे खरं नाही.

मल्टिमीटरचा बझर साधारण ५० ओहमच्या आतच वाजतो. अर्थ वायरची सलगता तपासायला ते योग्य, कारण तिथे रोध एका ओहमच्याही खाली हवा. गळती वेगळी असते. ओलसर वाइंडिंगमधून पत्र्यापर्यंतचा रोध २० हजार ओहम असला तरी २३० व्होल्टवर साडेअकरा मिलिअँपिअर वाहतात, एवढ्याने ओल्या हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होऊ शकते. त्या २० हजार ओहमला बझर गप्पच राहणार. वाजला तर दोष नक्की आहे, नाही वाजला तर काहीही सिद्ध होत नाही. गळती मोजायला वायरमनकडचा ५०० व्होल्टचा मेगर लागतो, आणि पंप दोन तास पाण्यात बुडवून ठेवल्यानंतर मोजावं लागतं. कोरडा पंप नेहमीच चांगला दिसतो.

दुसरं, पिनेपासून पत्र्यापर्यंत अर्थ लागली हे अर्धंच काम झालं. बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थ आहे का? महाल, इतवारीच्या जुन्या घरांत ते भोक रिकामं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी ते आतून न्यूट्रललाच जोडलेलं असतं. तसं असेल आणि वरून न्यूट्रल तुटला, तर कूलरचा सगळा पत्रा फेजवर येतो. बोलणारा मीटर असता तर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट मिळायला हवेत. घरात भार चालू असताना न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य आलं तर जोडणीचा संशय घ्यायचा. ताई, हे चालू लाइनचं काम आहे, ते वायरमनकडून करून घ्या आणि बोर्ड उघडल्यावर तिसऱ्या भोकामागे नेमकं काय जोडलंय ते त्याला तोंडी सांगायला लावा.

त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा खटका, बसवून घ्या. घरात आहे का हे हातानेच कळतं. जादा भाराला पडणाऱ्या साध्या एमसीबीच्या दुप्पट रुंद, साधारण दोन बोटं, आणि तिच्यावर एक छोटं टेस्टचं बटण. ते दाबलं की खट होऊन दांडी खाली पडते. महिन्यातून एकदा दाबा. पण ध्यानात ठेवा, त्या बटणाने आरसीसीबी चालते एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. अर्थ नसली तरी आरसीसीबी पडते, मात्र तेव्हा करंट तुमच्या अंगातून गेल्यावर. अर्थ असेल तर कोणी हात लावायच्या आधीच पडते. म्हणून दोन्ही हवं. एमसीबी गळतीला पडत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

निऑनचा टेस्टर आपल्या कामाचा नाही. न टेकवता तपासणारा, वाजणारा आणि थरथरणारा टेस्टर मिळतो, तो घ्या. वापरताना आधी चालू बोर्डाजवळ वाजवून पाहायचा, मग कूलरच्या पत्र्याजवळ न्यायचा, मग परत चालू बोर्डाजवळ. पत्र्याजवळ वाजला तर गळती आहे किंवा अर्थ लागलेली नाही, दोन्हींपैकी काहीही असलं तरी हात लावायचा नाही. पत्र्याच्या आतल्या वायरीत लाइन आहे का हे मात्र तो बाहेरून सांगू शकत नाही.

फोनवरून डोळे उसने देणाऱ्या स्वयंसेवकाला रंग विचारा, छापलेला आकडा विचारा. लाइन बंद आहे का, हे त्याला कधीच विचारू नका. ते पिन हातात धरूनच ठरवायचं.

गोकुळपेठची_खिडकी

दोघांचेही आभार. तपासून सांगते. जाड दांडा ते पत्रा बझर वाजत नव्हता. पत्र्याकडचा अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. घासून, थिंबल टाकून आवळला, आता अखंड वाजतो. बारीक दांड्यांना वाजत नाही, पण तिसरी पिन भाऊंनी सांगितल्याप्रमाणे त्यावर विश्वास ठेवलेला नाही. वायरमन रविवारी मेगर घेऊन येणार आहे, आरसीसीबीही तोच लावेल. पातं बोटाने तीन फेरे फिरतं, दांडा आडवा हलत नाही, म्हणजे कॅपॅसिटरच. डबीवर ४ मायक्रोफॅराड वाचलं गेलं.

पंप बाहेर काढला आहे. बादलीत लावून धार हाताने पाहिली तर चालेल का? आणि डाव्या ताटीचं काय करू?

वाळ्याची_ताटी

ताई, बादलीच्या पाण्यात किंवा धारेत हात घालू नका, मेगर होईपर्यंत तर नाहीच. पंपाच्या वायरीत बहुधा दोनच तारा असतात. प्लास्टिकच्या बादलीत गळतीला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून आरसीसीबी पडत नाही. तुमचा हात पाण्यात गेला की ती वाट तयार होते. रविवारनंतर पंप लावाल तेव्हाही कानाने पाहा. पाइपचं तोंड दुसऱ्या रिकाम्या प्लास्टिकच्या टबात सोडा, पिन लावा, पंधरा सेकंद ऐका, पिन काढा, मग टबातलं पाणी हाताने मोजा. भरून वाहणाऱ्या धारेचा आवाज जाड आणि सलग असतो. खुळखुळ आवाज आला तर पंप हवा ओढतोय, पाणी कमी आहे. नुसती घूं आणि पाणी नाही, तर आतली पाती क्षाराने अडकली आहेत.

नागपुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचा पंप असाच अडकतो. खालची जाळी बोटांनी ओढून काढा, त्यामागची झाकणी काढा, पात्यांचं चाक सरळ बाहेर येतं. ते चुंबकाने धरलेलं असतं, म्हणून थोडा जोर लागतो. मधली बारीक दांडी चिनीमातीची असते, वाकडं ओढलं तर मोडते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व टाकून सुटे भाग अर्धा तास बुडवा, जुन्या दातब्रशने घासा. चाक परत बसवल्यावर बोटाने हलकं फिरलं पाहिजे. सुटे भाग काढलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे एका ताटात मांडत जा, स्क्रू वाटीत.

तुमची ताटी वरून ओली आणि खाली कोरडी आहे. म्हणजे त्या बाजूला पाणी पोहोचतं, पण कमी पोहोचतं. कारणं तीन, याच क्रमाने पाहा.

ताटीच्या वरच्या पन्हळीतली भोकं. पन्हळीच्या तळातून नखाने शेवटपर्यंत जा आणि भोकं मोजा, मग उजव्या बाजूची मोजा. डावीकडे कमी भरली तर उरलेली क्षाराने बुजली आहेत. दोन मिमीच्या खिळ्याने आतून बाहेर टोचा. बाहेरून टोचलं तर खपली पन्हळीतच पडते आणि पुढचं भोक बंद करते. भोकं मोठी करू नका, नाहीतर पहिल्या चार भोकांतूनच सगळं पाणी उतरेल.

मग लेव्हल. पन्हळीत एक काचेची गोटी ठेवा. ती ज्या बाजूला गडगडेल तिकडे उतार. गोटी जिथे ठेवली तिथेच थांबली पाहिजे. शहाबादी फरशीचा तुकडा पायाखाली सारून जमवा. आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी पाहा, आणि टाकी अर्धी भरल्यावर पुन्हा एकदा, कारण वजनाने स्टँड दबतो.

शेवटी पंपापासून वर गेलेली नळी. चारी दिशांना पाणी वाटणाऱ्या तुकड्याजवळ ती दुमडते. बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपा, जिथे चपटी लागेल तिथे कापून सरळ बसवा.

ताट्या बदलणार असाल तर मोजपट्टीची गरज नाही. जुनी चौकट नेऊन वूडवूल भरून आणा किंवा घरी भरा. दोन इंच जाडी सगळीकडे सारखी हवी. भरल्यावर ताटी उभी करून दोन्ही बाजूंनी तळवे समोरासमोर ठेवून वरपासून खालपर्यंत सरकवत या. जिथे तळवे जवळ येतात तिथे माल कमी आहे. वरच्या चार बोटांत थोडं जास्त दाबून भरा. आठवड्यात वूडवूल खाली बसतं, वर फट पडते, आणि गरम हवा तिथूनच सरळ आत शिरते. दर वीतभर अंतरावर तारेने जाळीला बांधलं की बसणं कमी होतं. तारेची टोकं आतल्या बाजूला वळवा, पुढच्या वर्षी बोटं वाचतील. वाळ्याच्या ताट्यांना वास छान, पण त्यांच्यातून हवा कमी येते. एका बाजूला वाळा आणि दोन बाजूंना वूडवूल हा मेळ मला सगळ्यात बरा वाटतो.

टाकी आत्ता रिकामी आहे तर तळही पाहून घ्या. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजून पातळ झालेला भद्द वाजतो. दोन इंच पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरा, तासाभराने हाताची मागची बाजू कागदावर फिरवा, ओल तिथे लगेच कळते. गळतं तिथे पत्रा कोरडा करून पॉलिश पेपरने घासा आणि एम-सील लावा. त्याचे दोन भाग सारखे घ्यायचे. रंग एकजीव झाला का हे आपल्याला दिसत नाही, म्हणून तीन-चार मिनिटं मळा. एक भाग मऊ, एक कडक असं लागायचं थांबलं की झालं. चोवीस तास पाणी भरू नका.

पाणी किती भरलं हे बोट बुडवून पाहायची सवय कूलर चालू असताना धोक्याची. सेलवर चालणारा टाकीचा अलार्म घ्या आणि त्याच्या दोन तारा काठापासून चार बोटं खाली लोंबत्या सोडा. पाणी टेकलं की वाजतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून भिंती ब्रशने घासायच्याच. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला चिकटतात, पाणी ओतून दिलं तरी जात नाहीत, आणि कोरडी होऊन महिनोनमहिने टिकतात.

पेचकस_महाल

तिसरी पिन भाऊ, बझरबद्दलची माझी चूक मान्य. ताईंनी विश्वास ठेवला नाही हे बरं झालं.

कॅपॅसिटर बदलल्यावर एक गोष्ट तपासा. तारा अदलाबदल झाल्या तर काही मोटरी उलट फिरतात. पंखा चालू करून एक हात लांबून समोर हातरुमाल धरा. रुमाल तुमच्याकडे ढकलला गेला पाहिजे. जाळीकडे ओढला गेला तर पिन काढा, कॅपॅसिटर रिकामा करा आणि गाठी पुन्हा तपासा.

गोकुळपेठची_खिडकी

मेगरने मोटर चांगली निघाली, पंप खराब. दोन तास भिजवल्यावर गळती दाखवली, कोरडा असताना दाखवत नव्हता. नवीन पंप आणते, तीन तारांच्या वायरीचा मिळाला तर तोच. बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नव्हतं, वायरमन अर्थची वेगळी तार ओढतो आहे. डावीकडे भोकं ११ भरली, उजवीकडे १८. खिळा घेऊन बसते आता.

तिसरी_पिन

तीन तारांचा नाही मिळाला तरी चालेल ताई. टाकी पत्र्याची आहे आणि पत्रा आता अर्थला आहे, त्यामुळे पंप गळला तर पाण्यातून करंट पत्र्यात येऊन आरसीसीबी पाडेल. फक्त पंपाची वायर पाण्यात जोडू नका आणि टाकीतून बाहेर येते तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी बुश लावा. कडा धारदार असते, पंख्याच्या थरथरीने दोन महिन्यांत वायर कापते. अर्थची तार ओढून झाली की वाजणारा टेस्टर पत्र्याजवळ धरून पाहा, आता तो गप्प राहिला पाहिजे.